लिथियम बॅटरीला चार्जर कोणता?

लिथियम बॅटरी भरायची म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक सेलला एका ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत न्यायचे आणि तिथे थांबायचे. हे थांबण्याचे ठिकाण सेलच्या आतल्या रसायनावर ठरते आणि ते ओलांडायला जागा फार थोडी असते. शिशाची बॅटरी थोडी जास्त भरली तर तिच्यातले पाणी उडते, वास येतो, आयुष्य काही महिन्यांनी घटते. चूक तिच्या पोटात मुरून जाते. लिथियममध्ये ती मुरत नाही. त्यामुळे चार्जर निवडताना आधी दोन गोष्टी कळाव्या लागतात : सेल कोणत्या जातीचे आहेत, आणि एकापाठोपाठ किती जोडलेले आहेत. दुकानात मात्र ‘किती व्होल्टची बॅटरी?’ एवढेच विचारले जाते, आणि बहुतेक चुकीच्या जोड्या त्या प्रश्नाच्या उत्तरावर जमतात.

रोजच्या वापरात येणाऱ्या सेलच्या जाती प्रामुख्याने दोन. पहिल्या जातीच्या धन बाजूला कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांची ऑक्साइडे असतात. मोबाइलमधला कोबाल्टचा सेल, स्कूटरमधला तिन्हींचा मिळून बनलेला एनएमसी, विजेरीत आणि लॅपटॉपमध्ये जाणारा १८६५० मापाचा सेल हे सगळे याच घराण्यातले. त्यांचे सरासरी व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ आणि पूर्ण भरल्यावरचे ४.२. दुसरी जात लोह-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. तिचे सरासरी व्होल्टेज ३.२ आणि भरण्याची मर्यादा ३.६५. या दोन मर्यादांमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त अंतर आहे, आणि पुढचा जवळजवळ सगळा विषय या अंतरातून निघतो. याशिवाय टायटॅनेटचा सेल असतो. तो सरासरी २.४ व्होल्टचा, थंडीत आणि जलद भरण्यात पटाईत, पण महाग, म्हणून शेतात-घरात क्वचितच दिसतो. काही मोबाइलचे सेल ४.३५ किंवा त्याहून थोडे वरपर्यंत भरण्यासाठी बनवलेले असतात. असा सेल ४.२ च्या चार्जरवर लावला तर थोडा रिकामा राहतो, एवढेच. उलट केले तर साधा सेल खराब होतो.

मर्यादा ओलांडल्यावर आत काय घडते, हे कळले की ती इतकी काटेकोर का, याचे कोडे उरत नाही. भरताना लिथियमचे आयन धन बाजूच्या थरांतून निघून ऋण बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात. ४.२ च्या वर ढकलत राहिले तर धन बाजू गरजेपेक्षा जास्त लिथियम गमावते, तिची रचना ढासळू लागते आणि तिच्यातून ऑक्सिजन सुटू शकतो. दुसऱ्या टोकाला ग्राफाइटमध्ये जागा न मिळालेले लिथियम धातूच्या रूपात वर साचते. मधला द्राव ज्वलनशील असतो. इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता एकाच बंद डबीत एकत्र आल्यावर पुढचे सांगायला नको. एलएफपीतला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने ती जात बरीच शांत आहे. मात्र तिच्यातला द्राव तसाच ज्वलनशील असतो, तेव्हा शांत म्हणजे अभेद्य नव्हे.

एकट्या सेलचा हिशेब सोपा असतो. गोंधळ सुरू होतो पॅकमध्ये, म्हणजे अनेक सेल जोडून केलेल्या बॅटरीत. एक उदाहरण पाहू. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बिडकीन हे कापूस, तूर आणि मोसंबीच्या मुलखातले गाव. या भागात पाठीवरच्या फवारणी पंपात आणि रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या झटका मशीनमध्ये वर्षानुवर्षे शिशाची १२ व्होल्टची लहान बॅटरी बसत आली. ती दोन-तीन किलोची असते, आणि पंधरा-वीस लिटर औषधाबरोबर दिवसभर पाठीवर वाहिली की तिचे वजन जाणवते. आता तिच्या जागी लिथियम येते : हलकी, त्याच मापाच्या डब्यातली, आणि वर ‘१२ व्होल्ट’ असेच छापलेली. जुना चार्जर घरात असतोच. त्याची पिनही बसते.

या ‘१२ व्होल्ट’च्या डब्यात दोनपैकी काहीही असू शकते. ३.७ व्होल्टचे तीन सेल एकापाठोपाठ जोडले तर ११.१ होतात, आणि ३.२ चे चार जोडले तर १२.८. दोन्हींना व्यवहारात बारा म्हणतात. पहिली बॅटरी १२.६ व्होल्टला भरते, दुसरी १४.६ ला. शिशाचा १२ व्होल्टचा चार्जर साधारण १४.४ पर्यंत जातो. तो तीन सेलच्या पॅकला लावला तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात. मर्यादा ४.२ ची असताना हा आकडा सरळ धोक्याचा आहे. पॅकमधले संरक्षक सर्किट वेळेत तोडते म्हणूनच बहुतेक वेळा काही घडत नाही. आता उलटी जोडी पाहावी. १२.६ चा चार्जर चार सेलच्या एलएफपीला लावला तर प्रत्येक सेलला ३.१५ व्होल्ट मिळतात. एलएफपीचा सेल आपली बहुतेक वीज ३.२ ते ३.३५ या अरुंद पट्ट्यात साठवत असल्याने ३.१५ वर तो जवळजवळ रिकामाच राहतो. चार्जरवर हिरवा दिवा लागतो, पंप मात्र दोन टाक्यांत बसतो, आणि दोष जातो नव्या बॅटरीला. चार्जर कमी व्होल्टचा निघाला तर नुकसान पैशाचे आणि वेळेचे. जास्त व्होल्टचा निघाला तर गोष्ट जिवावर बेतू शकते. शंका असताना कोणत्या बाजूने चुकावे, हे यातून ठरते.

म्हणून बॅटरीवर ठळक छापलेला आकडा केवळ ओळखीपुरता धरावा. चार्जरशी जुळवायचा तो पूर्ण भरल्यावरचा आकडा. चांगल्या पॅकवर तो बारीक अक्षरात का होईना, दिलेला असतो. चार्जरवर तो ‘आउटपुट’ या शब्दापुढे असतो. १२.६, १४.६, ५४.६ असे दशांशातले आकडे दिसले की चार्जर लिथियमसाठी बनवलेला असण्याची शक्यता बरीच, आणि नुसते ‘१२ व्होल्ट १.७ अँपिअर’ लिहिलेला बहुधा शिशाचा. शेवटी खात्री मीटरनेच होते.

शिशाच्या चार्जरचा आणि चार सेलच्या एलएफपीचा आकडा जवळजवळ सारखा दिसतो, १४.४ आणि १४.६. त्यामुळे ‘एलएफपीला जुना चार्जर चालतो’ अशी समजूत पसरली आहे. ती अर्धीच खरी आहे. चार्जर कोणत्या व्होल्टेजला थांबतो याइतकेच तो तिथपर्यंत कसा जातो आणि नंतर काय करतो, हेही महत्त्वाचे असते. लिथियमचा चार्जर दोन टप्प्यांत काम करतो. आधी विद्युतप्रवाह स्थिर ठेवून व्होल्टेज चढू देतो. मर्यादा गाठली की व्होल्टेज स्थिर धरतो आणि प्रवाह आपोआप उतरू देतो. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतका उरला की तो पुरवठा तोडतो. शिशाचा चार्जर तोडत नाही. तो व्होल्टेज १३.६ च्या आसपास उतरवून बॅटरीला दिवसरात्र थोडी थोडी वीज पाजत राहतो, कारण शिशाची बॅटरी आपोआप रिकामी होत जाते आणि अर्धवट भरलेली राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते. लिथियमला या पाजण्याची गरज नसते. उलट सतत भरलेल्या अवस्थेत राहिल्याने तिचे आयुष्य घटते. काही शिशाचे चार्जर सल्फेट झाडण्यासाठी मधूनमधून १५-१६ व्होल्टचे झटके देतात; लिथियमला ते नक्कीच नकोत. आणखी एक अडचण व्यवहारातली आहे. लिथियम पॅक फार उतरला की त्याचे संरक्षक सर्किट तोंड बंद करते आणि बाहेरच्या तारांवर शून्य व्होल्ट दिसतात. बरेच स्वयंचलित शिशाचे चार्जर असे शून्य पाहून ‘बॅटरीच नाही’ असे समजून सुरूच होत नाहीत.

व्होल्टेजनंतर प्रवाह, म्हणजे अँपिअर. इथे नियम वेगळा. चार्जरचे व्होल्टेज बॅटरीशी जुळावे लागते, अँपिअर मात्र बॅटरीला सोसतात त्याहून कमी असले तरी चालतात. फक्त वेळ वाढतो. साधारण सेलला त्याच्या क्षमतेच्या निम्मा प्रवाह सुरक्षित धरला जातो : ८ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला ४ अँपिअर, १८६५० च्या २.५ एएचच्या एकट्या सेलला सव्वा. फवारणी पंपाच्या ८ एएच पॅकला २ अँपिअरचा चार्जर चार-पाच तासांत भरतो आणि बॅटरीला सुखाचा असतो. जलद भरण्याच्या हौसेने मोठ्या वाहनाचा १० अँपिअरचा चार्जर लहान पॅकवर लावणे मात्र नडते, मग व्होल्टेज दशांशापर्यंत जुळत असले तरी. सेलवर जलद भरण्याची वेगळी मर्यादा दिली असेल तरच ती वापरावी.

वर ज्याचा उल्लेख आला ते संरक्षक सर्किट म्हणजे बीएमएस. ते प्रत्येक सेलचे व्होल्टेज पाहते, जास्त झाले तर भरणे तोडते, फार उतरले तर वापर तोडते, शॉर्ट झाले तर वाट बंद करते, आणि बऱ्या दर्जाचे असेल तर सेल एकमेकांच्या बरोबरीला आणते व तापमानही बघते. त्याच्या जिवावर ‘बीएमएस आहे ना, मग कुठलाही चार्जर लावा’ असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला वाईट आहे. बीएमएसची तोडण्याची रेषा चार्जरच्या मर्यादेच्या जरा वर, ४.२ च्या सेलसाठी ४.२५ ते ४.३ व्होल्टच्या आसपास ठेवलेली असते. चुकीचा चार्जर रोज लावला तर आणीबाणीसाठी ठेवलेला स्विच रोजचा स्विच होतो आणि सेल दररोज मर्यादेच्या वर जाऊन परततात. हे स्विच म्हणजे लहान ट्रान्झिस्टर. ते निकामी झाले की बहुधा बंद न होता चालू अवस्थेतच अडकतात. त्या दिवसापासून पॅक आणि चार्जर यांच्यामध्ये कोणीही उभे नसते. गावोगावी जुने सेल स्पॉट वेल्डिंगने जोडून दिले जाणारे स्वस्त पॅक तर कधी कधी बीएमएसशिवायच असतात.

पिनेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण फसवणूक तिथेच होते. ५.५ मिलिमीटरची गोल पिन राउटर, विजेरी, फवारणी पंप आणि सौर दिवा या सगळ्यांत सारखी असते. तिच्यामागे ५ व्होल्ट असू शकतात किंवा १६.८. पिन बसली म्हणजे जोडी जमली असे मुळीच नाही. काही जुन्या चार्जरमध्ये धन-ऋणही उलटे असतात.

मोबाइलच्या बाबतीत मात्र लोकांना अदलाबदलीची सवय झाली आहे आणि ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भिंतीत खोचतो त्याला चार्जर म्हणत असलो तरी तो केवळ अडॅप्टर. सेल भरणारा खरा चार्जर फोनच्या आत असतो आणि सेलची जात त्याला आधीच माहीत असते. यूएसबी टाइप-सी अडॅप्टर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. ९, १५ किंवा २० व्होल्ट फोनने किंवा लॅपटॉपने मागितल्यावरच पुढे येतात. पॉवर बँकेतही चार्जर आतच असतो. फवारणी पंपाचा किंवा साध्या, स्वस्त स्कूटरचा पॅक असा बोलत नाही. त्याच्या बाबतीत भिंतीजवळचा डबाच चार्जर असतो आणि त्याची चूक सुधारणारे मध्ये कोणी नसते. मोबाइलची सवय तिकडे नेली की घोटाळा होतो.

दुचाकींत हाच हिशेब मोठ्या आकड्यांनी होतो. ‘४८ व्होल्ट’ या एका नावाखाली एनएमसीचे १३ सेल (५४.६), एनएमसीचे १४ सेल (५८.८) आणि एलएफपीचे १६ सेल (५८.४) असे तीन पॅक विकले जातात. शिशाच्या चार बॅटऱ्यांचा जुना चार्जरही ५८-५९ च्या घरातच असतो. यांतला ५८.८ चा चार्जर १३ सेलच्या पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर ४.५ हून जास्त व्होल्ट पडतात. ‘६० व्होल्ट’मध्ये १६ सेलचा पॅक ६७.२ ला भरतो आणि १७ सेलचा ७१.४ ला; दोन्ही चार्जर दिसायला सारखे, पेट्या एकाच मापाच्या, तीन टोकांचा प्लगही तोच. स्वस्त, मंद गतीच्या दुचाकीतली शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवून घेणाऱ्यांनी चार्जर त्याच वेळी बदलला नाही, तर हा फरक कोणाच्याही नजरेस येत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात भरायला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात देशात दुचाकींना आगी लागण्याच्या घटना एकामागून एक झाल्या होत्या. केंद्राने त्या आगींनंतर एआयएस १५६ हे मानक कडक केले. पुण्याची एआरएआय ही संस्था अशी वाहन-मानके प्रसिद्ध करते. सुधारित अटींचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. या अटी बॅटरी आणि चार्जर यांच्याकडे एकत्र पाहतात. मर्यादेवर पुरवठा तोडणे, सुरुवातीला प्रवाह हळूहळू वाढवणे, फार उतरलेला पॅक ओळखून आधी अगदी कमी प्रवाहाने उठवणे आणि जमिनीकडे वीज गळत असेल तर ते हेरणे या गोष्टी चार्जरकडून अपेक्षित आहेत.

नव्या वाहनांत पॅक आणि चार्जर आता एकमेकांशी संदेशांतून बोलतात. बीएमएस व्होल्टेज, तापमान आणि सोसणारा प्रवाह कळवते आणि चार्जर तेवढेच देतो. उत्तर आले नाही तर देतच नाही. एथर एनर्जीने आपल्या स्कूटरसाठी तयार केलेल्या आणि इतर कंपन्यांसाठी खुल्या केलेल्या जोडणीवर आधारित हलक्या वाहनांच्या प्लगला भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मान्यता दिली. एकाच प्लगमधून घरची एसी आणि जलद भरण्याची डीसी वीज घेता यावी, हा त्यामागचा विचार. याच कंपनीने कारखान्यासाठी बिडकीन निवडले. जून २०२४ मध्ये ऑरिक औद्योगिक नगरीच्या बिडकीन भागात वाहने आणि बॅटरी पॅक या दोन्हींचा कारखाना उभारण्याची घोषणा झाली, दोन हजार कोटींहून जास्त गुंतवणुकीची. कारखान्यातल्या पॅकबरोबर त्याचा चार्जर येतो आणि प्रश्न तिथे मिटतो. तो उरतो कारखान्याच्या कुंपणाबाहेर, जिथे तोच पॅक पाच वर्षांनी भंगारातून उघडला जातो आणि त्याचे सेल फवारणी पंपात जातात. सेलची जात तेव्हा कोणी विचारत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाबद्दलही थोडी गफलत असते. वाहून नेण्याजोग्या लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना आयएस १६०४६ लागू आहे. नोंदणी झालेल्या मालावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो क्रमांक सेल चाचणीत उतरल्याचे सांगतो. अडॅप्टरवर त्याच्या स्वतःच्या मानकाचा वेगळा क्रमांक असतो. दोन्ही अस्सल असूनही जोडी चुकीची असू शकते.

मराठवाड्याच्या हवेत तापमानाला वेगळी जागा द्यावी लागते. साधारण लिथियम सेल शून्य ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये भरावा, अशी उत्पादकांची अट असते. कडाक्याची थंडी इथे प्रश्नाची नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर. दिवसभर फवारणी करून आलेला, उन्हात तापलेला पॅक लगेच भरायला लावला तर सेल आधीच मर्यादेजवळ असतो आणि भरताना आणखी तापतो. हाताला कोमट लागेनासा होईपर्यंत तो सावलीत ठेवावा. एलएफपीलाही हे लागू आहे. रात्री झोपेच्या खोलीत, गादीवर किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी पॅक भरायला लावू नये. चार्जरला आणि पॅकला चहूबाजूंनी हवा लागेल अशी फरशी बरी.

झटका मशीन आणि सौर दिव्यांत चार्जरचे काम कंट्रोलर करतो आणि तिथे आणखी एक ‘१२ व्होल्ट’ भेटतो, पॅनेलचा. बारा व्होल्टचे म्हणून विकलेले सौर पॅनेल कामावर असताना १७-१८ व्होल्ट देते आणि मोकळे असताना २१-२२ पर्यंत चढते. ते थेट लिथियम पॅकला जोडणे म्हणजे सगळा भार बीएमएसवर टाकणे. मधल्या कंट्रोलरवर बॅटरीची जात निवडण्याची सोय आहे का, हे विकत घेतानाच पाहावे, कारण जुने साधे कंट्रोलर फक्त शिशासाठी असतात. घरच्या इन्व्हर्टरचेही तसेच : शिशाच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी केलेल्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमची निवड नसेल तर बॅटरी बदलून भागत नाही.

पॅकवर काहीच लिहिलेले नसेल तर दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर उपयोगी पडतो. चार्जर बॅटरीला न जोडता लावून त्याचे व्होल्टेज मोजावे; लिथियमचा बरा चार्जर बहुधा आपला छापील आकडा एखाद-दोन दशांशाच्या फरकाने दाखवतो. मग पॅक मोजावा. १२ व्होल्टचा म्हणवला जाणारा पॅक, नुकताच चार्जरवरून काढलेला नसताना, १३ च्या वर स्थिर असेल तर तो तीन सेलचा असूच शकत नाही, कारण त्याची कमाल १२.६ आहे. १२.६ च्या खाली दाखवत असेल तर एवढ्यावरून निकाल लागत नाही. थोडा उतरलेला तीन सेलचा आणि रिकामा होत आलेला चार सेलचा पॅक तिथे सारखेच दिसतात. डबा उघडून सेल मोजता आले आणि त्यांच्यावरची अक्षरे वाचता आली तरच उत्तर पक्के. ३२६५० किंवा ३२७०० या मापाचे जाड सेल बहुधा एलएफपीचे असतात, १८६५० मात्र दोन्ही जातींत मिळतो. हे न जमल्यास १२.६ चा चार्जर लावून पाहणे सुरक्षित; त्यावर पॅक भरत नसेल तर तो चार सेलचा असण्याची शक्यता मोठी.

फुगलेला, गोडसर वास येणारा, पडून चेपलेला किंवा महिनोन्‌महिने शून्यावर पडून राहिलेला सेल कोणत्याही चार्जरवर लावू नये. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचे तांबे विरघळून भरताना आतल्या आत शॉर्ट करू शकते, आणि दुसऱ्या बॅटरीने झटका देऊन असा सेल जागा करण्याचा कारागिरी उपाय हाच धोका ओढवतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्याव्यात. घरच्या कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.